विकत घ्यावी की घडवून घ्यावी? : शिकारीची रायफल आणि कारागिराचा हात



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि आपल्या देशातले शिकारीचे युग संपले. मग शिकारीची रायफल दुकानातून तयार घ्यावी, की कारागिराकडून मापाने घडवून घ्यावी, या प्रश्नाशी आपल्याला काय कर्तव्य? अमेरिकेतला किंवा आफ्रिकेतला शिकारी पाहून घेईल त्याचे तो. परंतु हा प्रश्न नुसत्या शिकाऱ्याचा नाही. कपडे तयार घ्यावेत की शिंप्याला माप द्यावे, जोडा बाजारातला घ्यावा की पायाबरहुकूम शिवून घ्यावा, असे प्रश्न आपण सारेच सोडवीत असतो. या प्रश्नांचे मूळ शोधू लागलो, तर जी वाट सापडते तिचा मोठा भाग बंदुकीच्या कारखान्यातून जातो. मी कामगार चळवळीतला माणूस. वस्तू पाहिली की ती कोणी केली, किती वेळात केली आणि तिच्या किंमतीतले करणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे विचारण्याची सवय जडलेली. त्याच सवयीने आज या प्रश्नाकडे पाहणार आहे.

एक काळ असा होता, की हा प्रश्नच उद्भवत नसे. अठराव्या शतकात जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथून अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात जाऊन राहिलेल्या कारागिरांनी एक लांब नळीची रायफल घडवली. लँकेस्टर आणि त्याच्या आसपासची गावे हे त्यांचे माहेर. पुढे तिला केंटकी रायफल हे नाव पडले. लोखंडाची पट्टी तापवून, सळईभोवती वळवून, ठोकून नळी करावयाची. आत पीळदार आटे पाडावयाचे. मेपलच्या लाकडाचा दस्ता कोरावयाचा. प्रत्येक नळीच्या भोकाचे माप वेगळे. म्हणून रायफलीबरोबर त्याच मापाच्या गोळ्या ओतण्याचा साचाही कारागीर गिऱ्हाइकाला देत असे. शेजाऱ्याची गोळी आपल्या बंदुकीत बसेल याचा भरवसा नसे. कळ मोडली तर नवी कळ घडवावी लागे, कारण तशी दुसरी कळ जगात नसे. घडवून घेणे ही त्या काळी हौस नव्हती. दुसरा मार्गच नव्हता.

शिकाऱ्याला यात फारशी अडचण नव्हती. अडचण होती सैन्याला. रणांगणावर दहा हजार बंदुका बिघडल्या तर दहा हजार वेळा कानस चालवणार कोण? फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककाराने एकसारख्या भागांच्या कळी करून दाखवल्या. कोणत्याही ढिगातून कोणताही भाग उचलावा आणि जोडावा! अमेरिकेचे तेव्हाचे वकील टॉमस जेफरसन यांनी १७८५ साली पॅरिसमध्ये हा प्रयोग पाहिला आणि त्याची हकीकत मायदेशी कळवली. पुढे १७९८ साली ईलाय व्हिटनी याने दहा हजार बंदुका पुरवण्याचा मक्ता घेतला. मुदत दोन वर्षांची होती. बंदुका पुऱ्या व्हायला १८०९ साल उजाडले. शाळेच्या पुस्तकांत एकसारख्या भागांचे श्रेय या व्हिटनीला दिलेले असते. पण त्याच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकींत नीट बसत नाहीत असे आढळले. ज्याने काम खरोखर साधले तो जॉन हॉल. व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत १८२६-२७ च्या सुमारास त्याच्या रायफलींचे सुटे भाग एकमेकींत अदलाबदल होण्याइतके तंतोतंत उतरले.

हे साधले कसे? कारागिराच्या डोळ्याच्या जागी पोलादी मापपट्ट्या आल्या, कानशीच्या जागी कातकाम करणारी यंत्रे आली. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रशाळेत टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ च्या सुमारास त्याहून नवलाची गोष्ट केली. बंदुकीचा दस्ता हा वाकडातिकडा लाकडी भाग. तो लेथवर निघेल हे कोणाला खरे वाटले नसते. ब्लँचर्डच्या यंत्रात एक चाक नमुन्याच्या दस्त्यावरून फिरे आणि त्याच चालीने दुसरे पाते कच्च्या लाकडावरून फिरून हुबेहूब तसाच दस्ता काढी. याच यंत्रावर पुढे जोड्यांचे कलबूत निघू लागले. म्हणजे तयार दस्ता आणि तयार जोडा हे एकाच यंत्राच्या पोटचे भाऊ होत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला परत यावयाचे आहे.

आता या कथेतला माणूस पाहू. हॉल मोठ्या अभिमानाने सांगे, की आपल्या यंत्रावर एक पोरगा जितके काम उरकतो तितके काम कानशी घेतलेल्या दहा माणसांना उरकत नाही. हार्पर्स फेरीचे जुने कारागीर हे ऐकत होते. ते नगावर काम करीत. मनाला येईल तेव्हा यावे, काम करावे, सुगीच्या दिवसांत शेतावर जावे, असा त्यांचा रिवाज होता. १८४१ साली शस्त्रशाळेवर लष्करी अधिकारी आला. त्याने घड्याळ लावले, दहा तासांचा दिवस ठरवला, वेळेवर येण्याजाण्याची सक्ती केली. १८४२ साली कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली, कालव्यातल्या नावेत बसून ते वॉशिंग्टनला गेले आणि राष्ट्राध्यक्ष टायलर यांच्यापुढे उभे राहिले. आम्ही यंत्राचे भाग झालो आहोत, अशी त्यांची तक्रार होती. अध्यक्षांनी त्यांचे आदराने स्वागत केले, गोड शब्दांत बोळवण केली आणि घरी जाऊन काम करावयास सांगितले. घड्याळ भिंतीवरच राहिले.

त्या कारागिरांची सगळीच बाजू बरोबर होती असे मी म्हणणार नाही. त्याच काळात दुसऱ्या गावांतले मजूर दहा तासांचा दिवस मिळावा म्हणून झगडत होते. हार्पर्स फेरीच्या माणसांचे दुःख तासांचे नव्हते, धनीपण गेल्याचे होते. कालपर्यंत पुरी बंदूक ज्याच्या हातून उतरत होती, त्याच्या वाट्याला आता बंदुकीचा एक स्क्रू आला होता.

अमेरिकेतली ही पद्धत इंग्लंडने पाहिली ती १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात. व्हर्मांट राज्यातल्या रॉबिन्स आणि लॉरेन्स या कारखान्याने एकमेकींत भाग बसणाऱ्या सहा रायफली तेथे मांडल्या होत्या. इंग्रज सरकारने अमेरिकेत मंडळी पाठवली, यंत्रे विकत आणली आणि एनफील्ड येथे नवा कारखाना उभारला. १८५७ च्या उठावात जिच्या चरबीच्या काडतुसांनी ठिणगी टाकली ती बंदूक याच एनफील्डच्या नावाची. इकडे बर्मिंगहॅममध्ये बंदुकीचा धंदा शेकडो लहान दुकानांत विखुरलेला होता. एक नळी करी, दुसरा भोक पाडी, तिसरा कळ बसवी, चौथा दस्ता कोरी. एनफील्डची यंत्रे सुरू झाली तेव्हा सरकारी काम हातचे जाईल हे तेथील मालकांनी ओळखले, आणि १८६१ साली त्यांनी एकत्र येऊन यंत्रावर चालणारी बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही कंपनी काढली. पुढे सायकली आणि मोटारसायकलींमुळे आपल्या परिचयाची झालेली बी. एस. ए. ती हीच.

या क्षणी शिकाऱ्यापुढे आपला प्रश्न प्रथमच उभा राहिला. आता तयार बंदूकही होती आणि घडवलेलीही. लंडनचे पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी यांसारखे नामांकित बंदूककार यंत्रापुढे टिकले ते कशाच्या बळावर? दोन गोष्टींच्या. पहिली दुनळी रायफल. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडल्या की दोघींच्या गोळ्या एकाच ठिकाणी पडतील असे नाही. कारागीर त्या झाळतो, बार काढून पाहतो, तोंडाशी असलेली पाचर जरा सरकवतो, पुन्हा झाळतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही गोळ्या जवळजवळ पडेपर्यंत हे चालते, आणि तेही एका ठरावीक काडतुसापुरतेच. वाघ किंवा हत्ती अंगावर आला असता दुसरा बार तत्काळ हवा असतो. त्यासाठी ही सारी यातायात. दुसरी गोष्ट माप. दस्त्याची लांबी किती, तो गालाशी किती उतरता, एका बाजूला किती कललेला, हे शिकाऱ्याच्या अंगावरून ठरवावे लागते. ते ठीक जमले, की बंदूक खांद्याला लावताच डोळा आपोआप माशीच्या रेषेत येतो. न जमले तर मान वाकवावी लागते. आणि मान वाकवीपर्यंत जनावर थांबत नाही.

या लंडनच्या धंद्याचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थानात होते: संस्थानिक, साहेब लोक, वनखात्याचे अधिकारी. आणि याच हिंदुस्थानने त्या धंद्याला एक गमतीचे वळण दिले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याखाली आणले होतेच. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सैन्याच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीशी मिळत्याजुळत्या .४५० बोअरच्या बंदुकांवर सरकारने बंदी घातली. दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती. झाले! लंडनच्या बंदूककारांची जमलेली गिऱ्हाइके अडली, आणि त्यांनी .४६५, .४७० अशी नवी काडतुसे आणि नव्या रायफली काढल्या. आजही आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीसाठी मापाने करून घेतलेली .४७० ची दुनळी वापरणाऱ्या श्रीमंताला ठाऊक नसेल, की आपल्या बंदुकीचे माप हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्यांच्या धास्तीने ठरवले आहे.

तयार आणि घडवलेली यांच्यामध्ये एक तिसरी वाटही याच सुमारास पडली. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ येथे माउझरच्या कारखान्यात १८९८ साली जी बोल्टची रचना सिद्ध झाली, ती इतकी भक्कम होती की शिकारीच्या रायफली करणाऱ्यांना तिच्याहून चांगले काही सुचेना. लंडनच्या रिग्बीने माउझरकडून यंत्रभाग आणावयाचा आणि त्यावर आपली माशी बसवून, आपला दस्ता घडवून रायफल पुरी करावयाची, असा प्रघात पाडला. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट दिली, ती अशीच .२७५ बोअरची रिग्बी होती. पोट जर्मन कारखान्याचे, बाकीचे अंग लंडनच्या कारागिराचे. कुमाऊँच्या डोंगरांत या हलक्या, साध्या रायफलीने जे काम केले ते पुष्कळ राजेरजवाड्यांच्या नक्षीदार दुनळ्यांना जमले नाही.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर तिन्ही उत्तरे होती. विंचेस्टरची .४०५ ही कारखान्याची तयार रायफल. इंग्लंडमधल्या स्नेह्यांनी भेट दिलेली हॉलंडची दुनळी. आणि सैन्याची स्प्रिंगफील्ड रायफल, पण दस्ता आणि माशी स्वतःच्या अंगाप्रमाणे करून घेतलेली. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरे मारली. ती संग्रहालयासाठी होती असे म्हटले, तरी तो आकडा आज वाचवत नाही. पण त्या सफरीवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचा एक परिणाम मला फार मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कमधल्या सीमोर ग्रिफिन नावाच्या सुताराने ते पुस्तक वाचले. त्याने एक स्प्रिंगफील्ड रायफल मिळवली, तिचा लष्करी दस्ता काढून अक्रोडाच्या चांगल्या लाकडाचा दस्ता स्वतः कोरला. मित्रांनी पाहिला, मागण्या आल्या. १९२३ साली जेम्स हो या लोहकामातल्या जाणत्याबरोबर त्याने ग्रिफिन अँड हो ही पेढी काढली आणि अमेरिकेत मापाच्या रायफली घडवणाऱ्यांत तिचे नाव झाले. फर्निचर करणाऱ्या सुताराला वाचनाने दुसरा धंदा दिला!

येथे मघाची ब्लँचर्डची गोष्ट आठवावी. यंत्राने शंभर वर्षांपूर्वी जिंकलेला दस्ता हाच नेमका पुन्हा हाताकडे परत आला. असे का? कारण नळी आणि बोल्ट यांचा संबंध काडतुसाशी असतो, आणि काडतुसे सगळी सारखी. दस्त्याचा संबंध माणसाशी असतो, आणि माणसे सारखी नसतात. कारखान्याने एक सरासरीचा माणूस कल्पिला: मध्यम उंचीचा, पुरुष, उजव्या हाताचा. डावखुऱ्या शिकाऱ्याला बोल्टची तयार रायफल बाजारात सहज मिळू लागली ती सॅव्हेज कंपनीने १९५९ साली काढली तेव्हा. तोवर त्याने एक तर कारागीर गाठावा, नाही तर उजव्या हाताच्या यंत्राशी झटावे. बाईमाणसाच्या मापाचा तर विचार त्याहूनही उशिरा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करातल्या जुन्या माउझर रायफली कवडीमोलाने येऊ लागल्या. शेतकरी, लाकूडतोडे, कारखान्यातले कामगार त्या घेत आणि रात्री घरी बसून कापून, घासून, नवा दस्ता बसवून शिकारीजोग्या करीत. गरिबाची घडवलेली रायफल ती हीच. १९६८ च्या कायद्याने टपालाने बंदुका मागवणे बंद झाले आणि जुन्या लष्करी बंदुकांची आयात थांबली, तेव्हा हा मार्ग आटला.

आता कारखान्याकडे वळू. विंचेस्टरची १९३६ सालची मॉडेल ७० ही तयार रायफल इतकी उत्तम होती, की घडवून घेणाऱ्यांचा मोठा वर्ग तिच्याकडे वळला. पण तिच्यात यंत्रकाम आणि हातकाम दोन्ही भरपूर होते. मजुरी वाढत गेली, स्पर्धा वाढली, रेमिंग्टनने १९६२ साली स्वस्तात होणारी मॉडेल ७०० काढली. तेव्हा विंचेस्टरने १९६४ साली आपल्या रायफलीतले हातकामच कमी केले. काडतूस घट्ट धरून बाहेर काढणारी मोठी आकडी गेली, दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी जाऊन दाबून उठवलेली नक्षी आली. शिकाऱ्यांनी आरडाओरडा केला. तेव्हापासून १९६४ पूर्वीची जुनी रायफल नव्या रायफलीहून महाग विकू लागली, आणि १९९० च्या दशकात कंपनीला ती आकडी परत आणावी लागली. गिऱ्हाईक अडाणी नसते. काय काढून घेतले ते त्याला कळते. पण कारखान्याचे काय झाले? न्यू हेवनच्या कामगारांनी १९७९ साली मोठा संप केला. १९८१ साली मालक कंपनीने बंदुकीचा धंदाच विकून टाकला आणि २००६ साली तो जुना कारखाना बंद पडला. वस्तूतून हात काढला, तरी हाताचा प्रश्न सुटत नाही, हा त्याचा अर्थ.

मग आज शिकाऱ्याने काय करावे? इतिहास जे शिकवतो ते सरळ आहे. नुसती अचूक नळी हवी असेल तर तयार रायफल घ्यावी. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी साधी, स्वस्त रायफलही शंभर यार्डांवर इंचभराच्या आसपास गोळ्या जमवते. एके काळी हे नशिबाने किंवा उस्तादाच्या हाताने मिळत असे. उरलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर खर्चावे. अंग सरासरीत बसत नसेल तर यंत्रभाग कारखान्याचा घ्यावा आणि दस्ता कारागिराकडून करून घ्यावा. कॉर्बेटची, रूझवेल्टची आणि ग्रिफिनची वाट तीच. आणि सर्वस्वी मापाने करून घ्यावयाची असेल, तर दोन-दोन वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी आणि आपण बंदुकीबरोबर आणखी एका गोष्टीचे पैसे देत आहोत हे समजून द्यावे. ती गोष्ट म्हणजे एका पोराची उमेदवारी. वाकस आणि कानस धरावयास शिकणाऱ्या पोराला काम मिळाले नाही, तर वीस वर्षांनी ती पाचर कशी सरकवावी हे सांगणारा कोणी उरणार नाही. यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते; हातातली विद्या एका पिढीत खंडली की परत मिळत नाही.

घडवलेल्या वस्तूची आरती ओवाळणाऱ्यांना मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. लंडनच्या दुनळीने संस्थानिकाचा दिवाणखाना सजवला. जंगलाकाठच्या शेतकऱ्याच्या दारात चांगले हत्यार नेले ते कारखान्याने. आपल्याकडेही बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात झालेली .३१५ ची साधी रायफल हीच पुष्कळ परवानेदारांची रायफल झाली. सैन्याच्या बोअरची बंदूक जवळ ठेवता येत नसे, म्हणून हे वेगळे माप. आणि कोकणातल्या शेतकऱ्याकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक असते, तिचा दस्ता गावच्या सुताराने दोनदा तरी बदललेला असतो. तयार आणि घडवलेली यांची गाठ त्याने केव्हाच घालून ठेवली आहे. त्याला कोणी प्रश्न विचारला नाही इतकेच.

हार्पर्स फेरीचे कारागीर नावेत बसून गेले, तेव्हा त्यांना यंत्र मोडावयाचे नव्हते. यंत्राला माणसाच्या मापाने बसवा, माणसाला यंत्राच्या मापाने कापू नका, एवढेच त्यांचे मागणे होते. शिकारी कारागिराला दस्त्याचे माप देतो तेव्हा तोही हेच मागत असतो. बंदुकीच्या बाबतीत हे मागणे पैसा असला की मान्य होते. कारखान्यात काम करणाऱ्याच्या बाबतीत ते मान्य करून घ्यावे लागते, आणि ते काम अजून संपलेले नाही.